तीन शतांश

करारनामा सहा पानांचा.
खाली डावीकडे आमच्या शाळेचा शिक्का,
उजवीकडे उरियार्ते भगिनींच्या कारखान्याचा.
मधे देबा नदी, नदीवर पूल,
तो मी आठवड्यातून चारदा ओलांडतो.
बगलेत फायली,
खिशात उजव्या हाताची साडेचार बोटं.

सोमवार-मंगळवार मुलं माझी :
फळ्यावर त्रिकोणमिती, पोलादाच्या जाती.
बुधवारपासून ती कारखान्याची.
पान चार, कलम दोन : 'अनुभवी कारागिराने मार्गदर्शन करावे.'
कारागीर म्हणजे बित्तोर.
वय एकसष्ट. ऐकतो तळहाताने.

खरंच. चालत्या लेथवर पंजा टेकतो,
वैद्याने नाडी बघावी तसा,
आणि म्हणतो, हत्यार बोथट झालंय, बदल.

मायालेन सतराची. डावखुरी.
आईचं सलून आहे चर्चमागच्या चढावर.
आईला वाटायचं पोरगी कात्री धरेल.
पोरीनं लेथ धरला,
ज्याची मूठ चाळीस वर्षं
एकाच उजव्या हातानं गुळगुळीत केलेली.
पहिला महिनाभर ती मूठ
तिला दुसऱ्याच्या चपलेसारखी लागत होती.

हात बसतो म्हणतात.
नेमका कोणत्या वारी बसतो
हे सहापैकी एकाही पानावर नाही.

नोव्हेंबरात कागदगिरणीचा शाफ्ट आला कामाला.
शेवटची कात. शुक्रवार, पावणेपाच.
तीन शतांश मिलिमीटर जास्त गेलं.
केसाच्या निम्म्याहूनही कमी,
पण बेअरिंगला केसांशी घेणंदेणं नसतं.

सोमवारी माझ्या वर्गात
तिची पिशवी बाकावरून पडली.
वह्यांचा आवाज असा येत नाही.
सगळी पोरं लोखंड ओळखणारी,
कुणी मान वर केली नाही.
टॉवेलात गुंडाळलेला, चार किलोंचा,
दोन रात्री तिच्या पलंगाखाली झोपलेला शाफ्ट.

आम्ही दोघं निघालो. पुलाच्या मध्यावर ती म्हणाली,
'नदीत टाकणार होते.'
मग?
'मग वाटलं, तिथं पडूनही
तो तीन शतांश कमीच राहील.'

बित्तोरनं शाफ्ट पुसला. मोजला.
फिरवून पुन्हा मोजला.
मी मनातल्या मनात करार चाळत होतो,
नुकसान कोणी भरायचं, पान पाच,
थोरल्या उरियार्तेबाईंचा चेहरा, पुढच्या वर्षीच्या जागा.
त्यानं विचारलं एवढंच :
'कापताना आवाज कसा होता?'

'आधी गुणगुण. मग बारीक शिट्टी.
तेव्हाच थांबायला हवं होतं.'

'शिट्टी,' तो म्हणाला,
जुन्या शेजाऱ्याचं नाव कुणी काढावं तसा.
'हाताला ती कळत नाही. फार बारीक असते.
मी शेवटची ऐकली तेव्हा
माझे केस काळे होते.'

आणि गोदामातून नवी सळई आणायला गेला.
सळईचे पैसे? ते अजून ठरायचेत.
थोरल्या बाईंनी मला गुरुवारी बोलावलंय,
आणि त्या काही मऊ बाई नाहीत.

पण परवा काचेतून पाहिलं :
त्याचा पंजा लेथवर, तिची मान तिरकी.
ती बोट उचलते, तो वेग उतरवतो.
तो मान हलवतो, ती पुढे सरकते.
दोघांचा मिळून एक कारागीर होतो,
अर्धा म्हातारा, अर्धा शाळकरी,
आणि माझ्या फॉर्मवर तीनच चौकोन :
आहे. नाही. येत आहे.

पेन धरून उभा राहिलो बराच वेळ.
कुणाबद्दल विचारताहेत, तेच कळेना.

निघताना बित्तोरनं माझी बाही ओढली,
खिशात एक डबी कोंबली, फोमच्या पिवळ्या बोळ्यांची.
'तुझ्या वर्गातल्या सगळ्यांना वाट,'
तो ओरडला. त्याला वाटतं तो कुजबुजतो.
'आम्हाला कुणी दिले नव्हते.'