भांगाचं पाणी

अकरा वर्षं मी ही ओळ शिकवली:
'भांगाच्या पाण्याने उंबरा ओलांडला नाही.'
कवी अज्ञात. पुस्तकात खाली टीप नाही.
फळ्यावर मी एका बाईचं डोकं काढायचे,
मधोमध खडूची सरळ रेघ,
मग ती रेघ बोटाने पुसायचे.
वर्ग गप्प व्हायचा.
'कुंकू धुतलेलं पाणी,' मी सांगायचे,
'ती पुन्हा कधी दाराबाहेर पडली नाही.'
पाच गुणांचा प्रश्न. मुली उतरवून घ्यायच्या.

मी बार्शीची. आमच्याकडे पाणी
टँकरने यायचं, नाहीतर यायचंच नाही.
त्याला तिथी असते हे मला कुणी सांगावं?

यंदा सांगितलं, मागच्या बाकावरून,
हेमांगी टिकमने, हात वर न करता:
'बाई, भांग म्हंजे अष्टमीचा पाणी.'
आणि अख्खा वर्ग माझ्याकडे बघत राहिला,
जणू मी विचारलं होतं, मीठ म्हणजे काय.

संध्याकाळी कोळंबच्या खाडीवर गेले.
तिची आई पायरीवर, टोपलीत कोयती कोरडी.
भांगाला चिखल नीट उघडा पडत नाही,
खुबे मिळत नाहीत, म्हणून घरी.
मी ओळ म्हटली. तिने दोनदा म्हणायला लावली.
'उधाणाचा पाणी घरात शिरता,
टोप-कळशी घेवन जाता. ता गावाक कळता.
भांगाचा हयसर येता,'
तिने खालच्या पायरीवर टाच टेकवली,
'आणि परत जाता. कोणाक कळणा नाय.'

मग बराच वेळ काही नाही. खाडीसुद्धा नुसती उभी.
'म्हणजे, ते आत यायला हवं होतं का?'
माझ्यातली बाई अजून प्रश्न काढत होती.
'ता जेणी लिवल्यान तेका ईचार,' ती म्हणाली,
आणि पदर डोक्यावर घेतला.
त्याआधी मला तिचा भांग दिसला होता.
रिकामा. रुंद. उन्हाने रापलेला.
आता फळ्यावरचं काय पुसायचं
ते मला ठरवता येईना.

रात्री आठवला दाजी कुबल,
माझ्या दुसऱ्या वर्षीच्या तुकडीतला,
अंगाला माशांचा वास म्हणून एकटा बसणारा.
पाच गुणांच्या प्रश्नाला त्याने
चार शब्द लिहिले होते:
'पाणी कमी होते म्हणून.'
मी शून्य दिलं होतं,
आणि शेजारी, लाल शाईत,
ओळ नीट वाच.