पाचशे एकोणनव्वद

दर गुरुवारी, दुपारी दोन ते चार,
चित्रकला महाविद्यालय, वरचा मजला.
विषय प्रकाश आणि रंग, अनिवार्य, गुण पन्नास.
मी विज्ञानाकडून उसना आणलेला मास्तर,
कुलरच्या टाकीत पाणी ओतणंही माझ्याकडेच,
आणि समोर चौदा जण,
ज्यांच्या नखांत माझ्या सगळ्या पुस्तकांपेक्षा जास्त रंग.

पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिलं:
लाल अधिक हिरवा बरोबर पिवळा.
यामिनी निखारे उठली,
दोन डब्या उघडल्या, बोटानं कालवलं
आणि माझ्या टेबलावर आणून ठेवला
नाग नदीचा गाळ.
"हा तुमचा पिवळा, सर?"

पुढच्या गुरुवारी दोन टॉर्चना
पतंगाचे कागद रबरानं बांधून आणले,
भिंतीवर दोन वर्तुळं एकमेकांवर सरकवली.
पिवळा आला. अगदी हळदीचा नाही, पण आला.
"रंग वजा करतो, उजेड जमा करतो,"
म्हणालो, आणि वाटलं, जिंकलो.
ती म्हणाली, "आमच्या मागावर उभा लाल, आडवा हिरवा.
आजोबा म्हणायचे, जवळून दोन, लांबून एकच.
त्यांना कुठं टॉर्च होता?"
मी वहीत लिहून घेतलं.
खाली उत्तरासाठी सोडलेली जागा अजून तशीच आहे.

मग मार्चमधला तो गुरुवार.
प्रयोगशाळेतला सोडियमचा दिवा,
लाकडी खोक्यात, स्कूटरवर पायाशी ठेवून आणला.
खिडक्यांवर काळं कापड ठोकलं.
सुरुवातीला तो गुलाबी जळतो,
शुद्धीवर यायला दहा मिनिटं घेतो, मग पिवळा,
फक्त पिवळा, दुसरं काहीच नाही.
एकतीस वर्षं मी पोरांकडून घोकून घेतलं,
पाचशे एकोणनव्वद नॅनोमीटर,
पण त्या उजेडात
कोणाचा चेहरा म्हणून पाहिला नव्हता.

ओठ गेले आधी.
मग यामिनीची जांभळी ओढणी,
मग कॉटन मार्केटातून आणलेली टोपली:
संत्रं, लिंबू, टमाटर,
एकाच राखेचे कमीजास्त गोळे.
कपाळावरचं कुंकू काळं ठिक्कर.
कोणीतरी म्हणालं, "बापा!"
आणि नंतर कोणीच काही बोललं नाही.

मी कागदाचे बारा तुकडे वाटले,
रंग ओळखा म्हटलं. सगळे चुकले.
उजळाकडून गडदाकडे लावा म्हटलं,
तेव्हा सगळे अडखळत असताना
एकाचे झालेसुद्धा लावून.
स्वप्नदीप गेडाम,
वाडीत ट्रकांवर नंबर आणि मोर काढणाऱ्याचा मुलगा,
ज्याच्या प्रत्येक ट्यूबवर बॉलपेननं आकडे होते.
मी समजायचो, टापटीप आहे पोरगा.

"मले त हे रोजचंच हाय, सर," तो हसला,
"लाल न् हिरवा मले एकच.
मोराचा गळा चार नंबर, डोयाभोवती सात नंबर,
बाबानं पाठ करून देल्ला.
आज तुमी सारे माह्या घरी पाहुणे आले."

"मंग खरा लाल कोणाचा?" यामिनीनं विचारलं.
डोळ्यात तीन प्रकारच्या पेशी असतात,
मी सांगितलं. बरोबरच होतं ते.
खोलीला मात्र पुरलं नाही.

कापड काढलं तेव्हा चार वाजले होते.
मार्चचं ऊन टोपलीवर धाडकन पडलं.
गेडामनं त्यातलं एक संत्रं सोललं,
फोडी केल्या, पहिली मला दिली.
आंबटगोड.

परीक्षेत मी विचारलं, लाल म्हणजे काय? गुण पाच.
तेरा जणांनी तरंगलांबी लिहिली.
गेडामनं लिहिलं, सात नंबर.
मी लाल शाईनं पाचपैकी पाच दिले,
तपासनिसानं वरून हिरव्या शाईनं दोन केले.
उत्तरपत्रिका हातात घेऊन तो बराच वेळ उभा राहिला,
मग हळूच विचारलं,
"सर, यातले तुमचे कोणते?"