कुतैसीतले दिवे

ऑफिसात नानुलीला फलक मिळाला,
'पर्यावरणमित्र'.
रिकाम्या खोल्यांतले दिवे ती मालवते,
भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना घालते,
पाठकोरे कागद जपून ठेवते.

टाळ्या वाजल्या. ती ओशाळली.
कुणाला सांगावं,
हे काही पृथ्वीवरचं प्रेम नाही.
ब्याण्णवच्या हिवाळ्यात आईने
पियानोचं झाकण फोडून शेगडीत घातलं होतं.
एका मेणबत्तीवर दोघा भावंडांचा गृहपाठ,
तीही निम्मी झाली की विझवायची.

फुंकर मारायची पाळी वाझाची असे.
तो आता पलीकडच्या गल्लीत राहतो.
जिन्यापासून न्हाणीघरापर्यंत
रात्रभर दिवे जळतात त्याच्याकडे.

ती बोलत नाही त्याला.
निघताना फक्त दारातला एक मालवते,
आणि कोपऱ्यावर थांबून बघते.
तो पुन्हा लागतो.