बारा व्होल्ट

पिस्ता रंगाच्या टाइल्स घेतल्या, अप्पा काही बोलले नाहीत.
शॉवर बसवला, आठव्या दिवशी येणाऱ्या नळासाठी,
तेव्हाही मिशीतल्या मिशीत हसले फक्त.
पण आरशाखाली उजेडाची पट्टी म्हटल्यावर
चहाची बशी खाली ठेवली त्यांनी.
"न्हाणीत? पान्याजवळ? कामून?"

कामून, हे मला सांगता येईना.
खोटं कशाला बोलू, शोभेलाच हवी होती.
फोनवर बघितलेली कुणाच्या तरी घरात.

अप्पा एकतीस वर्षं लाइनमन.
उजव्या हाताची दोन बोटं
पाथरीकडच्या एका पोलवर ठेवून आलेले.
घरात कुणी ओल्या हातानं बटण दाबलं
तर भरल्या ताटावरून उठायचे.

जिंतूर रोडला मुंदड्यांच्या दुकानात
पोरानं काउंटरवर रीळ उलगडलं,
पांढरं, पिवळं, रिमोटवर नाचणारं गुलाबीसुद्धा.
"स्वस्तात आहे काका, थेट प्लगात लावा."
अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला,
उरलेल्या बोटांत पट्टी धरून
गवार मोडून बघावी तशी वाकवली.
"थेट म्हंजे दोनशे तीसच की रे लेका.
हे मांडवाला दे कुणाच्या. न्हाणीला नको."

मग दुसरी निघाली, सिलिकॉनच्या नळीतली,
बारा व्होल्टची, आयपी सदुसष्ट.
"सहा म्हणजे धूळ नाही, सात म्हणजे पाणी नाही,"
पोरगा पाढे म्हणाल्यासारखं म्हणाला.
"आन् कापल्यावर?
कापल्या तोंडातून पानी शिरंल त्याचं काय?"
हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.
आत गेला. बऱ्याच वेळानं
टोपणं आणि चिकाची ट्यूब घेऊन आला.

घरी येऊन स्कूटीची बॅटरी काढली अप्पांनी
आणि पट्टी बादलीत सोडली.
अर्धा तास घड्याळ लावून बसले.
शेजारची लेकरं गोळा झाली,
बादलीच्या तळाशी चांदणं बघायला.
त्या पाण्यानं मग आईनं ओटा धुतला,
पाणी टाकून द्यायचं नसतं आमच्यात.

वैजनाथ वायरमन म्हणाला, ड्रायव्हर
छतातच लपवू, दिसणार नाही.
"दिसू दे. बाहेर लाव, पॅसेजात, माझ्या खाटेसमोर.
आन् तीस मिलीॲम्पचा ब्रेकर आन.
आन् अर्थिंग बघितलं का?"

अर्थिंग मागं, सीताफळाच्या बुडाशी.
लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी
आम्ही तांब्यावर तांब्या मोजून आंघोळ करायचो,
आणि अप्पा रविवारी अर्धी बादली
त्या खड्ड्यात ओतायचे.
आई भांडली. भांडी आपटली.
माणसं सोडून मातीला पाजायलेत म्हणाली.
अप्पा खाली बघून एवढंच,
"कोरडी जमीन करंट घेत नसती."
दोन दिवस बोलत नव्हती ती त्यांच्याशी.
मग तिसऱ्या रविवारी
तीच उरलेलं पाणी घेऊन मागं गेली.

आता पट्टी लागलीय. आरशाखाली, हातभर लांब.
फिकट पिवळी, कच्च्या लिंबासारखी नाही, पिकल्या.
आलेगेले बघून जातात,
किती पडले विचारतात. व्होल्ट कुणी विचारत नाही.
अप्पा स्वतः रबरी चप्पल घालूनच आत जातात अजून.
त्यांचं त्यांना माहीत.

आणि दर महिन्याच्या एक तारखेला,
नेमका माझ्या डोक्याला शाम्पू असताना,
खट्.
आरसा जातो, टाइल्स जातात, माझे हात जातात.
डोळ्यांत फेस, काळाकुट्ट अंधार.
"अप्पा!"
बाहेर पॅसेजात टेस्टच्या बटणावरून
बोट उचलत, खुशीत,
"चालू हाय गं, चालू हाय."