बेळगुंदीच्या पुढं

बेळगुंदीच्या पुढं डांबर सोड.
काजूच्या कुंपणाला धरून तांबडी वाट वर जाते.
गिअर आधीच हलका कर,
चढ वळणामागं दबा धरून असतो.

रताळ्याच्या सऱ्यांतून सायकल घालू नकोस.
निंगव्वा ओरडते, आधी मराठीत,
फारच तापली की कन्नडमध्ये.
मी दोन्ही खाल्लेत.

मग उघडा जांभा,
चाक गिळतील अशी भोकं, त्यात कालचं पाणी.
मागचाच ब्रेक.
पुढचा दाबल्यावर काय होतं
ते माझ्या कोपराला विचार.

सड्यावर एका दगडाला चुन्याचे दोन बाण आहेत,
दोन्हीकडं तोंड केलेले.
कुठलाही धर.
खिशात फोन थरथरेल: महाराष्ट्रात आपले स्वागत.
दहा पायडल पुढं, पुन्हा कर्नाटक.
बघू नकोस, उतार आहे,
हँडल दोन्ही हातांनी धर.

खाली राकसकोपचं पाणी दिसलं
की चेन पुसून घे, बाटली भर.

परतताना निंगव्वा बांधावर असेल.
माझं विचारील, रागानंच.
सांग, हाड जुळलंय,
खरं हात अजून हँडलपर्यंत पोचत नाही.