हवा भरणारा

दर गुरुवारी लॉख फाइनच्या काठी
पत्र्याच्या शेडमध्ये टॉर्क्विल कॉम्प्रेसर सुरू करतो.
आधी खोकतं ते धूड, मग लागतं कामाला.

डॉक्टरने त्याचं पाण्यात उतरणं बंद केलं,
त्याला तीन हिवाळे झाले.
क्लबची वर्गणी तो अजून भरतो, पहिल्या तारखेला,
आणि आमच्या टाक्या.
काटा दोनशे तीसवर टेकला की
टाकीवर टिचकी मारतो, कलिंगड पारखावं तशी.
“परत आणा,” म्हणतो.
टाकीबद्दल, बहुधा.

आज अठरा मीटरवर, हिरव्या अंधारात,
इश्बेलने कपारीत टॉर्च धरला:
मांडीएवढी जाड वाम,
तोंड उघडं,
सांगता सांगता विसरल्यासारखं.
मी श्वास घेतला.
कोरडी, गाळलेली, बेचव हवा,
त्याच्या शेडमधली.
सोडली, तर बुडबुडे होऊन
फुगत फुगत वर गेली,
माझ्याआधी.

काठावर तो थर्मास घेऊन उभा.
दोन्ही हातांनी डोक्यावर गोल केला मी: सगळं ठीक.
त्याने बघितलंच नाही.
ओठ हलत होते. डोकी मोजत होता,
पाचपर्यंत.

मग विचारलं, वाम केवढी?
मी हात पसरले.
“थापा,” म्हणाला,
आणि झाकणात चहा ओतला, काठोकाठ.