दहा भोकांची पट्टी

आडनाव पागनीस.
म्हणजे होळकरांच्या वेळी आमच्यातलं कुणीतरी पागेचा हिशेब ठेवायचं:
किती घोडी, किती हरभरा, किती नाल.
माझ्याकडे सांवेर रोडवर दोन लेथ, एक मिलिंग मशीन,
आणि घोड्याजवळ जायची भीती.

डॉक्टर तारे आल्या तेव्हा माझे पोहे संपत आले होते.
त्यांनी एक्स-रे पसरला, पंख्याने उडू नये म्हणून
वर जीरावनाची डबी ठेवली.
पुढच्या डाव्या पायाची नळी.
मधोमध तिरकी चीर,
घाईत फाडलेल्या पावतीसारखी.

घोडी शकूरभाईंची. मैना.
लग्नसराईत एका रात्रीत तीन नवरदेव.
पाटनीपुऱ्यात उघड्या चेंबरमध्ये पाय गेला,
बँड वाजतच राहिला म्हणे.
"परदेशी पट्टी घोडीपेक्षा महाग," डॉक्टर म्हणाल्या,
"आणि ती तिकडच्या घोड्यांच्या मापाची. हिची नळी बारीक."

मी विचारलं, प्लास्टर?
त्या हसल्या नाहीत.
"माणसाला सांगता येतं, पडून राहा.
घोडा शुद्धीवर येतो तो उठायलाच.
साडेतीनशे किलो, पहिल्याच मिनिटाला.
तेवढं मिनिट तुमची पट्टी वाकता कामा नये."

दहा भोकं पाडली.
प्रत्येक जरा लांबट, एका कडेला उतार,
स्क्रू आवळताना हाड हाडाकडे सरकावं असा.
तीस वर्षं मी वस्तू कायमच्या जखडण्यासाठी भोकं पाडली.
ही पहिलीच,
जिचं काम होतं हळूहळू बिनकामाची होणं.

महूला उठवायच्या खोलीत
भिंतींना गाद्या होत्या, वर एक झरोका.
मैना एकदा उठली, पडली.
शकूरभाई बाहेर, शेपटीला बांधलेली दोरी कडीतून धरून,
"उठ बेटा" म्हणायचंही विसरलेले.
दुसऱ्यांदा गुडघ्यांवर.
तिसऱ्यांदा उभी राहिली,
आणि स्टीलवर आलेलं वजन
मला माझ्या दाढेत ऐकू आलं.
टाळी कुणी वाजवली नाही. घोडी बिचकते.

मग दर पंधरवड्याला फोनवर फोटो:
चिरेभोवती धुकं,
मग साय धरावी तसं काही,
मग चीर कुठे होती ते बोटाने दाखवावं लागलं.

अकराव्या आठवड्यात मैना गेली.
मोडलेल्या पायाने नाही.
शेजारच्या धडधाकट पायाने,
ज्याने इतके दिवस दोघांचा भार घेतला
आणि खुराच्या आतून सुटत गेला.

शकूरभाई एक रात्र काही बोलले नाहीत.
सकाळी म्हणाले, "तो पाय ठेवा तुमच्या अभ्यासाला.
बाकीची मैना माझी."

पट्टीच्या कडेवर हाड चढलं होतं,
काढायला छिन्नी लागली.
मग नळी यंत्रात उभी केली, वरून दाब.
आकडे चढत गेले. डॉक्टर लिहीत होत्या.
मी जुन्या चिरेकडे बघत होतो.
जुनी चीर हलली नाही.
कड्कन मोडलं ते खाली,
जिथे कधी काही दुखलंच नव्हतं,
माझ्या नवव्या भोकातून.

मी माफी मागायला तोंड उघडलं.
त्या आकडा लिहून होईपर्यंत थांबल्या. म्हणाल्या,
"म्हणूनच मोडून बघतो, पागनीस."

गेल्या आठवड्यात दुसरी घोडी आली, देपालपूरहून.
विचारलं, नववं भोक कुठे घेऊ?
"घेऊच नका. तेवढी जागा भरीव ठेवा."

आता पट्टी तयार आहे.
पॉलिश झाल्यावर मी डोळे मिटून अंगठा फिरवतो:
भोक, भोक, भोक,
मग ती दीड बोट गुळगुळीत जागा,
मग शेवटचं.